लुगड्याला जागा होती, माणसाला नव्हती

आमच्या फुलसावंगीकडं एखादं पोट्टं जरा मुरडत चाललं की त्याच्यासाठी शब्द तयार असतात. बायल्या, छक्का, हिजडा. सगळ्या शिव्याच. पण त्या पोट्ट्यानं स्वतःला काय म्हणावं, यासाठी आमच्या बोलीत शब्द नव्हता. आपण कोण हे उमजायला आपल्यासारखं दुसरं कुणी डोळ्याला दिसावं लागतं. माझ्या लहानपणी तसं दिसायच्या जागा दोनच होत्या. एक देवीचं अंगण, दुसरी दंडारीचा फड.

देवीचं म्हणाल तर माहूरची रेणुका आम्हाला जवळची. धनोड्याला पैनगंगा ओलांडली की माहूर आलंच. तिकडं कर्नाटकात सौंदत्तीची यल्लमा, तीही रेणुकाच. कोल्हापूर, सांगलीकडचे जोगते तिच्या नावानं लुगडं नेसतात, परडी घेऊन जोगवा मागतात. त्यातल्या कितीतरी जणांचं मन मुळातच बाईचं होतं. देवीनं झाड धरलं म्हटलं की घरच्यांना तोंड लपवायला जागा मिळे. आपल्या धर्मकथांनाही हे नवीन नाही. नेवाशाला विष्णूच्या मोहिनी रूपाचं देऊळ आहे, त्याला मोहिनीराज म्हणतात. अर्जुन वर्षभर बृहन्नडा होऊन विराटाच्या घरी नाच शिकवत होता. देवाचं चाललं, अर्जुनाचंही चाललं.

दुसरी जागा फडाची. आमच्या भागातल्या दंडारीत, खडी गमतीत बाईचं सोंग पुरुषच घ्यायचे. गाव रात्रभर बसून पाहायचं, टाळ्या वाजवायचं. पण दिवस उजाडला की तोच गाव खोड्या काढायचा. चित्रपटातला नाच्या म्हणून गणपत पाटील साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. ते बायकोलेकरांचे संसारी गृहस्थ, पण लोकांनी भूमिकेलाच माणूस समजून त्यांना टोमणे मारले. नुसतं सोंग घेणाऱ्याची ही गत, मग ज्याचं ते सोंग नव्हतंच, त्याची काय असेल?

असा एक माझ्या वर्गात होता. नाव सांगत नाही. दंडारीत तो राधा व्हायचा. वावरातही हुशार, कपाशीची टोबणी त्याच्याइतकी सरळ कुणाची नसे. एकदा तोंडाचा रंग पुसता पुसता मला म्हणाला, "राधा उतरवली का मी कोन उरतो, तेच समजत नाई बाप्पा." माझ्याजवळही उत्तर नव्हतं. विसाव्या वर्षी घरच्यांनी त्याचं लग्न लावून दिलं. दोन वर्षांनी तो गाव सोडून गेला. त्या पोरीचं काय झालं हे गावानं विचारलं नाही, ती माहेरी गेली एवढंच सांगतात. बापाच्या तेरवीला तो आला, केस वाढवलेले, हातात बांगड्या. भाऊ म्हणाले, "याले वावर कायले पायजे?" वाटणी झाली, त्याचा हिस्सा निघाला नाही. तो भांडला नाही, परत निघून गेला.

"याले वावर कायले" हे वाक्य मला पुष्कळ वर्षं भावांच्या लोभाचं वाटायचं. पुढं कळलं, ते कायद्याच्या पुस्तकातही होतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची यादी ठेवायची तरतूद होती. यादीत नाव चढलेल्यानं बाईचा पोशाख करून रस्त्यावर दिसायचं नाही, चारचौघांत नाचायचं नाही. त्याला बक्षीसपत्र करता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, मूल दत्तक घेता येणार नाही. म्हणजे नुसता पोशाख नाही, मालकी आणि वारसाही काढून घेतला. त्याचा अंमल मुख्यतः उत्तरेकडच्या प्रांतांत झाला. १९१९ साली निजामाच्या राज्यात तशाच वळणाचा कायदा झाला. तेव्हा आमचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आणि नदीपलीकडचं माहूर निजामाकडं. रेणुकेच्या नावानं नेसलेलं लुगडं पुण्याचं आणि यादीतल्यानं तेच नेसलं तर गुन्हा, असा तो मुलूख. तो कायदा तेलंगणाच्या उच्च न्यायालयानं रद्द केला जुलै २०२३ मध्ये. शंभर वर्षं उलटून गेल्यावर.

आता यात आणखी एक गोष्ट आहे. ज्या पुरुषाला लुगडं नेसायचं नाही, नांगर धरतो, मिशी ठेवतो, पण ज्याचा जीव पुरुषावरच जडतो, त्याला देवीच्या अंगणातही जागा नव्हती आणि फडातही नव्हती. बाईवर जीव जडलेल्या बाईचं तर नावच काढू नका. रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचक अशा गोष्टी पत्रानं विचारत आणि ते उत्तरं छापत. त्यावरून १९३४ साली खटला झाला. कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड झाला. पण मराठी माणूस नव्वद वर्षांपूर्वीही हा प्रश्न विचारत होता, हे त्या पत्रांनी नोंदवून ठेवलं. हे शहरातलं नवं फॅड आहे म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

इंग्रजांचं कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरतं ६ सप्टेंबर २०१८ रोजी बाजूला केलं. त्याच्या आधीच, डिसेंबर २०१७ च्या शेवटी, आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी यवतमाळात दोन पुरुषांनी चारचौघांत लग्न लावलं होतं. पेपरात ते वाचून आमच्या पारावर चार दिवस हसणं चाललं. पाचव्या दिवशी एक म्हातारा म्हणाला, "कोनाच्या पोरीची जिनगानी त् नाई ना खराब केली त्याईनं." त्यावर कुणी बोललं नाही. अशा लग्नाला कायद्याची मान्यता मात्र अजून नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती द्यायला नकार दिला.

तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण सांगायचा हक्क त्याच न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ ला मान्य केला होता. गावापर्यंत तो कसा पोचतो ते सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळनं दाखवलं. २०१७ साली त्या गावानं ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथीयाला थेट मतदानानं सरपंच केलं. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकला अंजली पाटील यांचा महिला जागेवरचा अर्ज अधिकाऱ्यानं नाकारला होता. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं तो घ्यायला लावला आणि गावानं त्यांना निवडून दिलं.

मला या दोन गावांचं मोल मोठं वाटतं. ग्रामपंचायत म्हणजे नळ, नाली, दिवाबत्ती, घरकुलाची यादी. तिथं परडी नको, घुंगरू नको, सोंगही नको. तिथं बसलेला माणूस गावाचा म्हणून बसतो. आता तेवढंच सातबाऱ्यावर व्हायचं राहिलं आहे, आणि त्यासाठी न्यायालयात जायची गरज नाही. बापानं डोळे मिटायच्या आधी सगळ्या लेकरांची नावं घेतली, तरी होतं.