बीरशहाची समाधी

चंद्रपूरच्या गोंड राजघराण्यातील राजा बीरशहा याचे स्मारक. चंद्रपूर शहरात अंचलेश्वर दरवाज्याजवळ, अंचलेश्वर मंदिराला लागून ते उभे आहे. पतीच्या मृत्यूनंतर राणी हिराईने ते बांधवले. हे केंद्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे.

स्थानमाहात्म्य : समाधीची जागा चंद्रपूर गोंडांची राजधानी होण्याच्या कथेशी जोडलेली आहे. बीरशहाचा पूर्वज, गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावरचे फोड झरपट नदीच्या पात्रातील कुंडाच्या पाण्याने बरे झाले आणि आपल्या राणीच्या सल्ल्याने त्याने बल्लारपूरची राजधानी येथे हलवली, अशी परंपरागत कथा आहे. त्या कुंडाच्या ठिकाणी पुढे अंचलेश्वराचे मंदिर झाले. ज्या पाण्याने पूर्वजाला नवे आयुष्य दिले, त्याच्याच काठी हिराईने पतीला विसावा दिला.

बीरशहा : त्याचा काळ सामान्यतः सतराव्या शतकाची अखेर आणि अठराव्याचा प्रारंभ असा मानतात. आपल्या मुलीचा सासरी, देवगडच्या राजघराण्यात, अपमान झाला म्हणून त्याने युद्ध केले आणि जावयाचे शिर महाकालीला अर्पण केले, असे परंपरा सांगते. हिरामण नावाच्या अंगरक्षकाने त्याचा घात केल्याची कथाही प्रसिद्ध आहे.

वास्तू : समाधी दगडी असून तिची मांडणी चौकोनी आहे. कमानी आणि घुमट यांमुळे तत्कालीन इस्लामी वास्तुशैलीचा प्रभाव लगेच जाणवतो. परिसरात राजघराण्यातील इतर समाध्याही आहेत.

हिराईचे कार्य : बीरशहाला मुलगा नव्हता. हिराईने चंदनखेड्याच्या शाखेतील रामशहाला दत्तक घेतले आणि तो जाणता होईपर्यंत राज्य सांभाळले. चैत्रात मराठवाडा आणि तेलंगणातून भाविक ज्या महाकालीच्या यात्रेला येतात, तिचे मंदिरही हिराईनेच उभारले. वैधव्याच्या दुःखातून तिने पतीची स्मृती, देवीचे ठाणे आणि गादीचा वारस या तिन्ही गोष्टी राज्याला दिल्या. म्हणूनच ही समाधी राजाइतकीच राणीचीही ओळख ठरते.

उत्तरकाल व जतन : रामशहाचा मुलगा नीलकंठशहा याच्याकडून 1751 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी राज्य जिंकून घेतले. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा हे चार दरवाजे, पाच खिडक्या (लहान दरवाजे) आणि शहराचा परकोट मात्र उरले. 2017 मध्ये इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी परकोटाची श्रमदानाने स्वच्छता हाती घेतली. झुडपांखाली गेलेले बुरूज मोकळे झाले आणि गोंडकालीन वारशाकडे चंद्रपूरकरांचे लक्ष नव्याने वळले. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलमुलखात आजही गोंड समाजाची मोठी वस्ती आहे. आपल्या पूर्वजांनी येथे राज्य केले, याची दगडात उरलेली साक्ष म्हणून या समाधीचे मोल त्यांच्यासाठी मोठे आहे.