मालकाचा डबा राहिला, बाकीच्यांचं काय?

सर्कस म्हटलं की आपल्याला तंबू आठवतो. अमेरिकेत मात्र जवळजवळ दीडशे वर्षं सर्कस म्हणजे आधी आगगाडी. 1872 मध्ये बार्नमची सर्कस रेल्वेने फिरायला लागली आणि धंद्याचं गणितच बदललं. रात्री खेळ संपला की तंबू गुंडाळायचा, माणसं-जनावरं गाडीत भरायची आणि सकाळी दुसऱ्या शहरात हजर. या डब्यांचं पुढे काय झालं ते वाचताना मला सारखं वाटत होतं, हा विषय आपलाही आहे.

विस्कॉन्सिन राज्यातल्या बाराबूच्या रिंगलिंग बंधूंनी 1884 मध्ये सर्कस काढली आणि 1907 मध्ये थेट बार्नम अँड बेलीच विकत घेतली. त्यांच्यातल्या जॉन रिंगलिंगसाठी 1905 साली पुलमन कंपनीने एक खासगी डबा बांधला. नाव 'विस्कॉन्सिन'. आत महोगनी लाकूड, सोनेरी वर्खाची नक्षी, रंगीत काचा. जॉन आणि बायको मेबल यातून देशभर फिरायचे. चाकांवरचा बंगलाच म्हणा ना!

त्याच काळात सर्कशीचे कामगार एका बर्थवर दोघं-दोघं झोपायचे. 22 जून 1918 च्या पहाटे इंडियाना राज्यात हॅमंडजवळ हेगनबेक-वॉलेस या दुसऱ्या एका सर्कशीची गाडी थांबली होती. मागून येणाऱ्या रिकाम्या गाडीच्या ड्रायव्हरचा डोळा लागला आणि ती गाडी लाकडी झोपायच्या डब्यांत घुसली. मग आग लागली. 86 माणसं गेली. शिकागोजवळच्या दफनभूमीत त्यांच्यातल्या कित्येकांच्या दगडावर नावच नाही. कुठे नुसतं 'अज्ञात पुरुष', कुठे 'बाल्डी' म्हणजे टकल्या हे टोपणनाव, तर कुठे 'चार घोड्यांचा गाडीवान'. हाताखालच्या माणसांची नावंसुद्धा कुणाला धड माहीत नव्हती.

आता डब्यांकडे येऊ. 1917 मध्ये 'विस्कॉन्सिन' विकला गेला आणि एका रेल्वे कंपनीने तो साहेबांचा डबा म्हणून वापरला. पुढे हात बदलत, झिजत, शेवटी तो फ्लोरिडातल्या सारासोटाच्या रिंगलिंग संग्रहालयात पोचला. दुरुस्त होऊन आज तिथे दिमाखात उभा आहे. आधी कुणाच्या तरी कामाचा होता आणि नंतर कुणाला तरी हवासा वाटला, म्हणून वाचला.

शेवटच्या पिढीतल्या डब्यांचं नशीब वेगळं. 21 मे 2017 ला आगगाडीने फिरणाऱ्या रिंगलिंग सर्कशीचा न्यूयॉर्कजवळ शेवटचा खेळ झाला आणि मैलभर लांबीच्या त्या गाड्या थांबल्या. कलाकार, कामगार, त्यांची बायकापोरं यांचं घर म्हणजे ते डबे. तेही विक्रीला निघाले. नॉर्थ कॅरोलिना राज्याने प्रवासी गाडीसाठी वापरू म्हणून नऊ डबे घेतले. वापर काही झाला नाही. डबे नुसते उभे राहिले आणि 2022 मध्ये त्यातल्या काहींना आग लागली.

म्हणजे बघा, देखणी वस्तू संग्रहालयात जाते, राबती वस्तू भंगारात. मालकाच्या दिवाणखान्याला जतनाचा खर्च मिळतो. ज्या बर्थवर रिंगमास्टरपासून खुंट्या ठोकणाऱ्यापर्यंत माणसं आयुष्य काढत होती, त्याला कुणी वाली नसतो. 'विस्कॉन्सिन' वाचला हे उत्तमच झालं. पण तो एकटाच बघून कुणाला वाटेल की सर्कशीचा प्रवास महोगनीतूनच व्हायचा.

आणि यात आपलाही माणूस आहे बरं का. पुण्याचे दामू धोत्रे 1940 च्या दशकात याच रिंगलिंग सर्कशीत वाघ-बिबळ्यांचे खेळ करायचे. एक मराठी माणूस त्या गाडीतून अमेरिकाभर फिरला!

विष्णुपंत छत्र्यांपासून सर्कशीचा वारसा सांगणारे आपण. सांगली, तासगाव, मिरज भागात किती घरांतली माणसं सर्कशीत होती! त्यांच्या ट्रंका, करारपत्रं, जाहिराती, फोटो आज कुठे आहेत? तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर रद्दीत घालू नका. फोटोमागे नाव आणि साल लिहा. आजी-आजोबा आहेत तोवर विचारून घ्या. संग्रहालय होईल तेव्हा होईल, 'चार घोड्यांचा गाडीवान' कोण होता ते आधी लिहून तर ठेवूया.