कंपनीला माफी, रयतेला वाढीव सारा

शेतकऱ्याच्या कर्जमाफीचा विषय निघाला की आपले अर्थतज्ज्ञ आर्थिक शिस्तीचे धडे देऊ लागतात. त्यांना आम्ही १८६९-७० सालच्या एका कर्जमाफीची आठवण करून देऊ इच्छितो.

१७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीने ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वे कंपनीशी करार केला. जमीन सरकारने फुकट द्यायची, भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमीही सरकारनेच घ्यायची. कमाई कमी पडली तर तूट तिजोरीतून भरायची. धंदा खाजगी, जोखीम मात्र रयतेची! तिजोरी भरत होती शेतसाऱ्यावर, अफूवर आणि मिठाच्या करावर. आणि मिठाचा कर ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती तोही भरत होता. अर्थात कागदावर ही देणगी नव्हती, उचल होती. ५ टक्क्यांहून जास्त नफा झाला की त्यातल्या अर्ध्या हिश्शातून कंपनीने ती फेडायची होती.

व्याज पक्के असताना काटकसर कोण करणार? पूर्वी भारताचे अर्थसदस्य राहिलेले विल्यम मॅसी यांनीच १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितले, की भांडवलदाराचा पैसा हुगळीत गेला काय आणि विटांत गेला काय, त्याला सारखेच होते.

भारतमंत्री ड्यूक ऑफ आर्गाइल यांच्या काळात जीआयपी, बॉम्बे बरोडा आणि मद्रास या तीन कंपन्यांची ही थकलेली उचल सोडून देण्यात आली. वर २५ वर्षांनी रेल्वे विकत घेण्याचा पहिला हक्कही सरकारने सोडला. बदल्यात काय मिळाले? ५ टक्क्यांवरच्या नफ्यात निम्मा वाटा. पुढे १९०० साली जीआयपी सरकारने घेतली, तीही शेअरच्या बाजारभावाने.

आता त्याच वर्षांतले पुणे जिल्ह्याचे दप्तर उघडा. १८६७ पासून इंदापूर, भीमथडीत फेरआकारणी होऊन सारा भरमसाट वाढला. कारणांत एक कारण होते, रेल्वे आली! १८७५ साली सुप्यात सावकारांच्या वह्या जळाल्या, त्याआधीची ही गोष्ट आहे.

आणि या रेल्वेत आमच्या माणसांना काय मिळाले? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपीच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते मांडले. आमचा माणूस बहुतेक गँगमनच. पोर्टरसुद्धा होता येत नसे, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागे.