तुपाला रवा कसा धरतो?

रवाळ तूप म्हणजे अस्सल तूप, हा समज घराघरांत रुजलेला आहे. प्रत्यक्षात रवा शुद्धतेची ग्वाही देत नाही. स्निग्धांश कोणत्या प्रकारचा आहे आणि तो किती सावकाश थंड झाला, एवढेच त्यावरून कळते.

तूप हे अनेक प्रकारच्या ट्रायग्लिसराइडचे मिश्रण असते. प्रत्येकाचा वितळणबिंदू वेगळा असल्याने तूप एकाच तापमानाला गोठत नाही. वितळणबिंदू जास्त असलेले घटक आधी स्फटिकरूप होतात. पातळ भाग त्यांच्याभोवती राहतो. स्फटिकांचे हे पुंजके म्हणजेच रवा. तूप सावकाश निवले तर स्फटिकांची केंद्रे थोडी तयार होतात आणि प्रत्येक कण मोठा होतो. फ्रीजमध्ये झपाट्याने थंड केल्यास असंख्य सूक्ष्म स्फटिक बनतात व तूप मेणासारखे गुळगुळीत होते. म्हशीच्या तुपाचा रवा गाईच्या तुपापेक्षा सहसा मोठा असतो.

सरकीचा परिणाम

जनावरांच्या खुराकाचाही तुपावर परिणाम होतो. परभणी जिल्ह्यात पूर्णा-नांदेड लोहमार्गावर वसलेले चुडावा हे गाव मराठवाड्याच्या कपाशीच्या पट्ट्यात येते. अशा भागांत दुभत्या जनावरांना सरकी किंवा सरकीची पेंड घालतात. त्यामुळे तुपाचा वितळणबिंदू वाढतो आणि तूप अधिक घट्ट व ठसठशीत रव्याचे होते. मात्र त्यातील बाष्पनशील आम्लांचे प्रमाण घटते. प्रयोगशाळेत रायशर्ट-माइसल अंकाने मोजले जाणारे हे प्रमाण कमी भरल्यास भेसळीचा संशय येतो. सरकीवर पोसलेल्या जनावरांच्या शुद्ध तुपावर असा ठपका येऊ नये, यासाठी अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत कपाशीच्या पट्ट्याकरिता या अंकाची मर्यादा वेगळी ठेवण्यात आली होती.

रवा कसा आणावा?

गुळगुळीत झालेले तूप सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे, म्हणजे जुने स्फटिक पूर्ण विरघळतात. ते कोमट झाल्यावर चमचाभर रवाळ तूप विरजणासारखे घालून एकदा ढवळावे. त्यानंतर भांडे न हलवता २८ ते ३० अंशांच्या आसपास दिवसभर झाकून ठेवावे.

नकली रवा

वनस्पती तूपही रवाळ असते. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालडाने ते घरोघरी पोहोचवले. तेलाचे अंशतः हायड्रोजनीकरण करून ते सावकाश थंड केले की तुपासारखाच रवा धरतो. या प्रक्रियेत तयार होणारी ट्रान्स मेदाम्ले हृदयाला घातक ठरल्याने १ जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेले व स्निग्ध पदार्थांत त्यांची मर्यादा २ टक्के करण्यात आली.

वनस्पतीची भेसळ ओळखता यावी म्हणून त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याचा नियम पूर्वी होता. बोदुआँ चाचणीत या तेलामुळे लाल रंग येतो. तिळाचे तेल नसलेली अन्य भेसळ मात्र या चाचणीतून निसटते. तेव्हा तूप पारखताना केवळ रव्यावर विसंबू नये. शंका आल्यास नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.