बुरशीरोधक औषधे (पाळीव पोपटांसाठी)

पाळीव पोपटांच्या बुरशीजन्य रोगांवर दिली जाणारी औषधे. बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असते, पक्ष्याच्या पेशीत कोलेस्टेरॉल. यांतील बहुतेक औषधे या फरकाचाच फायदा घेतात. तरीही पोपटांच्या बाबतीत औषध किती जहाल आहे यापेक्षा ते बुरशी असलेल्या जागी पोचते का, हा प्रश्न मोठा ठरतो. एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन यांनी १९५० मध्ये जाहीर केलेले नायस्टॅटिन तोंडावाटे दिले तर रक्तात जवळजवळ उतरतच नाही. त्यामुळे हाताने भरवलेल्या पिल्लांच्या अन्नपुटात कॅन्डिडा ही बुरशी वाढली की ते गुणकारी ठरते, मात्र श्वसनमार्गातल्या बुरशीवर त्याचा काहीच उपयोग नाही. फ्लुकोनॅझोल रक्तात सहज मिसळते, पण ॲस्परजिलस ही बुरशी त्याला दाद देत नाही. बजींच्या दोन जठरांच्या सांध्यावर वाढणाऱ्या मॅक्रोऱ्हॅब्डस या बुरशीवर अँफोटेरिसिन बी पाजतात; तेही न शोषले जाता जागेवरच काम करते.

सर्वांत अवघड रोग ॲस्परजिलोसिस. त्याची बुरशी वायुकोशांत रुजते. या पातळ पिशव्यांना रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यातच पक्ष्यांचा पू पातळ न राहता पनीरासारखा घट्ट होतो आणि बुरशीभोवती गाठ धरतो. रक्तातले औषध तिथवर फारसे जात नाही, म्हणून उपचार कित्येक आठवडे, अनेकदा महिनोन्‌महिने चालतात. गोळीच्या जोडीला श्वासावाटे औषधाचे सूक्ष्म तुषारही अनेकदा द्यावे लागतात. मग सरसकट सर्वांना एकच प्रभावी औषध का देऊ नये? कारण प्रत्येक जातीची सहनशक्ती वेगळी. इट्राकोनॅझोलने आफ्रिकन ग्रे पोपट खाणे सोडतो, मलूल होतो; अशा वेळी व्होरिकोनॅझोल किंवा टर्बिनाफिनचा विचार होतो. माणसांच्या गोळीचा अंदाजाने तुकडा देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

पोपट आजार लपवतो, तेव्हा तपासण्यांत वेळ घालवू नये, असा एक आक्षेप असतो आणि तो रास्त आहे. संशय दाट असेल तर पशुवैद्य अहवालाआधीच औषध सुरू करतात. पण रक्ततपासणी, एक्स-रे आणि गरज पडल्यास एंडोस्कोपी यांवाचून ते केव्हा बदलायचे वा थांबवायचे हे ठरत नाही. शिवाय केवळ सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पोपटाला अ-जीवनसत्त्व कमी पडते आणि श्वसनमार्गाचे अस्तर बिघडते. खाणे तेच राहिले, दाणे दमट आणि पिंजरा कोंदट राहिला, तर योग्य औषधानंतरही रोग उलटतो. अनावश्यक प्रतिजैविकांनी कॅन्डिडाला रान मोकळे मिळते, हेही रोग उलटण्याच्या कारणांपैकी एक.