टिटवाळ्याची चतुःसीमा

जमिनीच्या खरेदीखतात क्षेत्र आणि आकार यांच्याबरोबर चतुःसीमा लिहिण्याचा प्रघात आहे. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, दक्षिणेस अमक्याचे शेत, उत्तरेस डोंगराची सोंड, अशा त्या खुणा असतात. खातेदार बदलतात, वारस लागतात, वाटण्या होतात. पण ओढा आणि डोंगर आपल्या जागी राहतात. म्हणून तंटा उभा राहिला की शेवटी साक्ष त्यांचीच निघते. जे शेताचे तेच गावाचे. देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा गावाचा इतिहास सांगितला जातो, तो बहुधा देवळाच्या चार भिंतींत मावेल एवढाच. टिटवाळ्याचा इतिहास मात्र चारी दिशांना पसरलेला आहे आणि तो डोळ्यांना दिसतो.

तो पाहण्यासाठी आश्विन-कार्तिकातील सकाळ उत्तम. पावसाने धुतलेली हवा स्वच्छ असते आणि खाचरांतील भात पिवळे पडू लागलेले असते. भाताच्या सखल जमिनीच्या वर जो उघडा, मुरमाड माळ असतो, त्याला ठाणे जिल्ह्यात वरकस म्हणतात. तेथे नाचणी-वरी पिकावी, गवत वाढावे, गुरे चरावीत, एवढाच त्याचा जुना उपयोग. परंतु गावाची चतुःसीमा नीट दिसावी, अशी जागा या माळाइतकी दुसरी नाही.

पूर्वेस दूरवर सह्याद्रीची निळी भिंत दिसते. या भिंतीत नाणेघाट आहे. जुन्नरच्या बाजूचा माल सातवाहनांच्या काळी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, या घाटाने कोकणात उतरत असे. घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा कोरीव लेख आहे आणि घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. घाट उतरलेला व्यापार मुरबाडच्या मुलखातून कल्याण बंदराकडे जाई. त्याच भिंतीत, माळशेज घाटाच्या परिसरात, काळू नदीचा उगम आहे. पावसाळ्यात तेथे तिचा प्रचंड धबधबा कोसळतो. तेच पाणी मुरबाड तालुका ओलांडून टिटवाळ्यास येते. म्हणजे गावाची पूर्वसीमा पन्नास-साठ किलोमीटरवर असली, तरी तिचा निरोप रोज गावाच्या काठाशी येऊन पोहोचतो.

उत्तरेस माहुलीचा गड आहे. शहापूर तालुक्यातील हा गड सुमारे ८५८ मीटर उंच आहे. त्याचे सुळके वासिंद-आसनगावच्या बाजूने स्पष्ट दिसतात. नवरा, नवरी, भटोबा अशी त्यांची नावे आहेत. लग्नाचे वऱ्हाडच दगड होऊन उभे राहावे, तसे ते दिसतात. शास्त्रज्ञांच्या मते हा सारा दगड ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा असून त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे आहे. निजामशाही वाचविण्याची शहाजीराजांची अखेरची धडपड १६३६ साली याच गडावर संपली. शिवाजी महाराजांनी १६५८ मध्ये गड घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला, आणि १६७० मध्ये मोरोपंतांनी तो पुन्हा स्वराज्यात आणला. याच डोंगररांगेलगत तानसा धरण आहे. ते १८९२ साली पुरे झाले आणि मुंबईची तहान भागवू लागले. पुढे भातसा धरण झाले. आज मुंबईच्या पाण्याचा निम्म्याच्या आसपास वाटा एकटी भातसा उचलते. खडवलीजवळून येणारी हीच भातसा काळूस मिळते.

दक्षिणेस मलंगगड दिसतो. त्याचा तुटक्या कड्याचा माथा एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. इंग्रजांनी १७८० साली कल्याण घेतले, तेव्हा कॅप्टन ॲबिंग्टनची पलटण या गडावर चालून गेली. खालची माची तिने घेतली, पण वरच्या किल्ल्यातील मराठ्यांनी दाद दिली नाही. त्यांच्यामागे तोफांपेक्षा उभ्या कातळाचेच बळ अधिक होते.

पश्चिमेस उतरत्या मुलखाची सीमा आहे. काळू पुढे जाऊन उल्हास नदीस मिळते, आणि कल्याणजवळ त्या पाण्याला खाडीचे रूप येते. ते वसईपाशी समुद्रास मिळते. या पाण्यामुळेच कल्याण हे बंदर झाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचे नाव आहे, तसेच कान्हेरीच्या शिलालेखांतही आहे. महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतले आणि तेथील खाडीतच मराठ्यांच्या आरमाराची जुळवाजुळव सुरू झाली. याच बाजूने पुढे आगगाडी आली. १८५३ मध्ये ती ठाण्यास, १८५४ मध्ये कल्याणास पोहोचली, आणि १८५५ मध्ये कल्याण ते वासिंद हा मार्ग खुला झाला, तो टिटवाळ्यावरून. आज मुंबईपासून चौसष्ट किलोमीटरवरचे हे गाव मंगळवारी व चतुर्थीला दर्शनार्थींनी फुलते, त्याचे एक कारण हा लोहमार्ग होय.

चतुःसीमा झाली, आता मधली मिळकत. ती म्हणजे नदी आणि तळे. परंपरा सांगते की, कण्व मुनींचा आश्रम येथे होता आणि दुर्वासांच्या शापाने दुःखी झालेल्या शकुंतलेने येथे गणेशाची आराधना केली. कालिदासाच्या नाटकात हा आश्रम मालिनी नदीच्या तीरी आहे; टिटवाळेकरांनी तो काळूच्या तीरी मानला. यात वाद घालण्याचे कारण नाही. आपल्या नदीला आश्रमाची नदी मानणाऱ्या पूर्वजांच्या मनात तिची काय किंमत होती, एवढे त्यावरून कळते.

दुसरी परंपरा तळ्याची. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत (१७६१ ते १७७२) या भागात पाण्याची टंचाई होती म्हणून तळ्याचा गाळ उपसण्यास घेतला, आणि त्या गाळाखाली देऊळ व मूर्ती सापडली. त्या कामी सरदार रामचंद्र मेहेंदळे यांचे नाव घेतले जाते. या हकिकतीतील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लोक देव शोधावयास गेले नव्हते. तहानलेल्या गावाला पाणी मिळावे म्हणून ते चिखलात उतरले होते. देव त्यांना त्या कामात भेटला. टिटवाळ्याचा पहिला जीर्णोद्धार अशा रीतीने तळ्याच्या गाळापासून सुरू झाला.

आज दूरच्या सीमा शाबूत आहेत. माहुली आणि मलंग यांना कोणी हलविलेले नाही. धोका आहे तो जवळच्या खुणांना. मांडा-टिटवाळा कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत आले, वस्ती वाढली, वरकस माळावर चाळी व इमारती उभ्या राहिल्या. पोटासाठी शहराच्या आसऱ्याने आलेल्या माणसाला घर हवेच. त्याला दोष देता येत नाही. परंतु ओढे बुजले, काठ कापले गेले आणि सांडपाणी नदीत सुटले, तर नदी आपली हद्द स्वतःच मोजून घेते. २६ जुलै २००५ रोजी काळू आणि उल्हास यांनी काठच्या वस्त्यांत शिरून ती मोजणी केली. रुंद्याकडे जाणारा जुना सखल पूल पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटे, हे जुन्या मंडळींना सांगावयास नको.

दात्यांनी दिलेल्या पैशातून शिखर उभे राहते, फरशी बसते, दीपमाळ उजळते. ते सर्व योग्यच आहे. त्याबरोबर आणखी तीन कामे गावाच्या आवाक्यातील आहेत. दरवर्षी मृगापूर्वी तळ्याचा गाळ काढावा आणि निर्माल्य पाण्याबाहेर ठेवावे. नदीकाठचा एक तुकडा झाडे लावून मोकळा राखावा. आणि माळावरची एक उंच जागा बांधकामाविना ठेवून तेथे चारी दिशांच्या खुणांची नावे दगडावर कोरावीत, म्हणजे शाळेतील मुलांना नाणेघाट कोणता आणि माहुली कोणती हे बोटाने दाखविता येईल.

चतुःसीमा ठाऊक नसलेल्या खातेदाराची जमीन केव्हा आक्रसली, हे त्याला कळतसुद्धा नाही. गावाचेही तसेच आहे. देवळाचा कळस गावकऱ्यांनी बांधला. डोंगर, नदी आणि तळे मात्र त्यांना बांधलेलेच मिळाले. ते जसे मिळाले तसे पुढच्या वारसांच्या नावे चढविणे, एवढेच या पिढीकडे काम आहे.