एकवीस की बावीस?

नागपुरातील कार्यालयात लिनक्स सर्व्हरवर फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी २१ क्रमांकाचे पोर्ट उघडावे की २२ क्रमांकाचे, याचे उत्तर इतिहासात आहे.

आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी एमआयटीत असताना १६ एप्रिल १९७१ रोजी एफटीपीचा पहिला मसुदा मांडला. तेव्हाचे अर्पानेट मोजक्या परिचित संस्थांचे होते. एफटीपीत पासवर्ड उघड्या अक्षरांतच जात राहिला.

१९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेले. त्यानंतर तेथील ततू युलोनेन यांनी एसएसएच रचले आणि त्यासाठी एफटीपीशेजारचाच २२ हा क्रमांक मागून घेतला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. जाळे अनोळखी माणसांना खुले होत असतानाच त्याचे कुलूपही घडत होते.

पुढे आलेले एसएफटीपी याच कुलुपाआडून फाइली नेते. म्हणून बावीस.